जंगली यीस्टचा सडवा तिसऱ्या दिवशी बंद पडतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

पहिल्या दिवशी फेस ड्रमच्या काठाला टेकतो, दुसऱ्या दिवशी शेडभर फळाचा वास सुटतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं गप्प. संत्र्याची गळ असो, मोहफुलं असोत, बोरं की सीताफळं, फळांवरच्या जंगली यीस्टपासून इथेनॉल काढू पाहणाऱ्यांची तक्रार ठरलेली: साखर अर्धीअधिक शिल्लक आहे आणि सडवा (आंबायला ठेवलेला फळांचा रस किंवा लगदा) पुढे सरकत नाही. मग लगेच निष्कर्ष निघतो, "यीस्ट खराब होतं." बहुतेक वेळा तसं नसतं. यीस्टवर संशय घ्यायचाच, पण तो सगळ्यात शेवटी.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मद्यार्क तयार करता येत नाही, आणि "इंधनासाठी आहे" हे उत्तर परवान्याची जागा घेत नाही. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर अधिकच जपून. पुढचं सगळं परवानगी असलेल्या प्रायोगिक युनिटसाठी आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी आहे, तेही फक्त आंबवणापुरतं. हा द्रव पिण्याचा नाही: साल आणि गर यांतल्या पेक्टिनपासून मिथेनॉल सुटतं.

लक्षणं

यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी वहीत लिहा, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

बुडबुडे थांबले, वास गोड आणि स्वच्छ, चव घेतली नाही तरी हाताला चिकट लागतं: साखर उरली आहे, यीस्ट थांबलं आहे. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास: इथाइल ॲसिटेट, म्हणजे फळावरच्या दुसऱ्या जातींच्या यीस्टचा जोर. शिरक्याचा झणका आणि ड्रमभोवती चिलटं: ॲसिटिक जिवाणू घुसले. वर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा: हवा लागते आहे, आणि तो पापुद्रा तयार झालेलं अल्कोहोल खातो आहे. सडक्या अंड्यांचा वास: यीस्टला नायट्रोजन कमी पडतंय किंवा फळावर गंधकाची फवारणी होती. द्रव तारेसारखा ओघळतो: लॅक्टिक गटातले जिवाणू.

एकाच ड्रममध्ये दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर वास ज्याचा जास्त, त्याच्यापासून सुरुवात करा.

खरंच थांबलाय का? (खर्च शून्य)

ब्रिक्स (रसात शंभरात किती साखर आहे त्याचा अंदाज) कशाने मोजला? हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजला असेल तर बंद पडलेला सडवा कदाचित पूर्ण झालेलाच असेल. प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं हे उपकरण साखरेच्या पाण्यासाठी आहे. अल्कोहोल मिसळलं की त्याचं वाचन फसतं. १६ ब्रिक्सने सुरू केलेला रस पूर्ण आंबला तरी रिफ्रॅक्टोमीटर ५ ते ६ दाखवतो. त्या ५ ब्रिक्सला उरलेली साखर समजून नवीन यीस्ट, खत, गूळ ओतत बसणारे बरेच आहेत.

सुरुवातीच्या रसासाठी रिफ्रॅक्टोमीटर ठीक, त्यानंतर मात्र हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारा तरंगता काटा. नमुना मलमलीतून गाळा, एका भांड्यातून दुसऱ्यात पाच-सहा वेळा ओतून गॅस घालवा (बुडबुडे काट्याला वर उचलतात), आणि काट्यावर लिहिलेल्या तापमानाला आणूनच वाचा. घनता १.००० च्या आसपास किंवा खाली असेल तर काम झालं आहे. १.०२० वर दोन दिवस अडकली असेल तर खरोखर थांबलं.

अपेक्षाही तपासा. १ ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५११ ग्रॅम इथेनॉल मिळतं, प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के मिळालं तरी चांगलं. संत्र्याचा रस साधारण १० ब्रिक्सचा, त्यातही सगळी साखर नसते. १०० लिटर रसात ८ किलो साखर धरली तर हिशेबाने ५ लिटरच्या थोडं वर, प्रत्यक्षात साडेचार लिटरच्या आसपास इथेनॉल. कुणी १०० लिटर रसातून १० लिटर मागत असेल तर दोष सडव्यात नाही.

बुडबुड्यांची नळी गप्प असणं हाही पुरावा नव्हे. झाकणाची रबरी कड सुकलेली असली की गॅस तिथून निघून जातो. कडेला साबणाचं पाणी लावा, फुगे आले की कळतं.

तापमान (थर्मामीटरच्या किमतीत)

आपल्या विदर्भात सर्वाधिक सडवे तापमानापायीच मरतात. बहुतेक यीस्ट २८ ते ३२ अंशांत खुशीत असतं, ३७-३८ च्या वर दमतं, आणि अल्कोहोल चढलेलं असेल तर त्याहून कमी तापमानातही मान टाकतं. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमधल्या ड्रमची काय गत होत असेल ते सांगायला नको.

पण बाहेरचं ऊन हा अर्धाच भाग. आंबवण स्वतः उष्णता सोडतं. १६० लिटर द्रवात १४ टक्के साखर असेल आणि उष्णतेला बाहेर जायला वाटच नसेल, तर एकूण तापमान १८ अंशांनी चढू शकतं. प्लास्टिकचा ड्रम उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ५ लिटरच्या बाटलीत छान चाललेला प्रयोग २०० लिटरच्या ड्रममध्ये फसतो. लोक म्हणतात मोठ्या प्रमाणात यीस्ट चालत नाही. चालत नाही ते ड्रमच्या मधोमध.

थर्मामीटर दोरीला बांधून मधोमध सोडा, दुपारी ३ वाजता आणि पहाटे ५ वाजता वाचा. हवेचं तापमान लिहून उपयोग नाही. ३५ च्या वर गेलं असेल तर ड्रमभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि त्यावर कूलरची हवा सोडा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे फार चांगलं काम करतं. श्रावणात मात्र दमट हवेत गोणपाट नुसतं ओलं राहतं, थंड करत नाही; तेव्हा आतून स्टीलच्या नळीचं वेटोळं टाकून त्यातून विहिरीचं पाणी फिरवणं हाच उपाय. भारनियमनाचं वेळापत्रक बघून पंपाची वेळ ठरवा, नाहीतर नेमकं दुसऱ्या दिवशीच्या दुपारी पाणी बंद असतं, आणि आंबवणाचा जोरही तेव्हाच असतो.

मधोमध ४० च्या वर एकदा जरी गेलं असेल तर नुसतं थंड करून तो पुन्हा उठेल याची खात्री नाही.

चार बाटल्यांची चाचणी (शंभर रुपयांच्या आत)

तापमान ठीक निघालं तर पुढचा प्रश्न: दोष फळात की यीस्टमध्ये? यासाठी पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या, चार फुगे, गूळ आणि बेकरीचं कोरडं यीस्ट पुरतं.

पहिल्या बाटलीत १०० मिली फळाचा रस आणि अर्धा ग्रॅम बेकरी यीस्ट. दुसरीत तोच रस आणि १० मिली तुमचं जंगली विरजण (सडवा सुरू करायला वाढवलेलं यीस्ट). तिसरीत १०० मिली गुळाचं पाणी (१५ ग्रॅम गूळ, उकळून थंड केलेलं) आणि अर्धा ग्रॅम बेकरी यीस्ट. चौथीत तेच गुळाचं पाणी आणि १० मिली विरजण. तोंडाला फुगे लावून चारही एकाच सावलीच्या जागी ठेवा. ६ ते ८ तासांनी बघा, आणि विरजणाच्या बाटल्या २४ तासांनी पुन्हा. फुगा टम्म झाला की गॅस सोडून परत लावा, नाहीतर रात्री उडून जातो आणि सकाळी काही कळत नाही. रस उकळू नका. का ते पुढे येतंच.

गुळाच्या दोन्ही बाटल्या चालल्या आणि रसाच्या दोन्ही अडल्या तर यीस्ट निर्दोष आहे, फळात काहीतरी आहे. बेकरी यीस्टच्या दोन्ही चालल्या आणि विरजणाच्या दोन्ही मेल्या तर विरजण कमजोर. चारही चालल्या तर दोष ड्रममध्ये, म्हणजे तापमान, हवा, स्वच्छता यांत. चारही अडल्या तर आधी नवीन यीस्टचं पाकीट आणा.

फळात काय असतं

यीस्ट ही बुरशीच आहे हे फळ गोळा करताना कुणाच्या लक्षात राहत नाही. बागेत कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण मारलेलं असतं, ते बुरशी मारण्यासाठीच. वरूड, मोर्शी, काटोल भागात आंबिया बहाराची गळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुकटात मिळते, आणि नेमक्या त्याच दिवसांत फळगळीसाठी फवारण्या चालू असतात. अशा फळावरून जंगली यीस्ट गोळा करायला जाणं म्हणजे विष मारलेल्या शेतात पाखरं मोजायला जाणं. यीस्ट गोळा करायचं फळ बिनफवारणीच्या झाडाचं घ्या: बांधावरची बोर, जंगलातलं सीताफळ, टेंभुर्णी. आंबवायचं फळ फवारणीचं असेल तर मालकाला शेवटच्या फवारणीची तारीख विचारा, औषधाच्या डब्यावरचा प्रतीक्षा कालावधी बघा आणि फळ वाहत्या पाण्यात चोळून धुवा. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, औषध धुण्याने जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

संत्र्याचं दुसरं दुखणं सालीत आहे. साल दुमडून मेणबत्तीजवळ दाबली की जी फुर्रकन पेट घेणारी फवार उडते, ते सालीचं तेल. त्यात मुख्यतः लिमोनीन. लिटरला अर्धा मिली म्हणजे ०.०५ टक्क्यांच्या आसपास ते पोचलं की यीस्टचा वेग पडायला लागतो, त्यापुढे बंदच. अख्खं संत्रं सालीसकट ग्राइंडरमधून काढलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सडव्यावर तेलाची इंद्रधनुषी तवंगं दिसली तर हेच कारण. उपाय: हाताने सोला. सालीसकटच वापरायचं असेल तर लगदा उघड्या गंजात अर्धा तास उकळा, तेल वाफेबरोबर जातं. म्हणूनच वरच्या चाचणीत रस उकळू नका म्हटलं. उकळला तर दोष उडून जातो आणि चाचणी "फळ ठीक आहे" असं खोटं सांगते.

मोहफुलांची गोष्ट वेगळी. वाळलेल्या फुलात साधारण निम्म्याहून जास्त साखर असते, तेल-औषधाची भीती नाही, पण चुंगडीतल्या फुलांना माती, वाळू आणि बुरशी लागलेली असते. पटकन एका पाण्यात खंगाळा. जास्त वेळ भिजवून ते पाणी फेकलं तर साखरच फेकली. १ किलो फुलांना ४ लिटर पाणी धरलं तर १३-१४ ब्रिक्स मिळतो, जंगली यीस्टला तेवढा पुरे. २० ब्रिक्सच्या वर जाण्याचा हट्ट करू नका.

आंबटपणा आणि खाणं

पीएच पट्टीने बघा. सुरुवात ४ ते ४.५ असावी. ३.३ च्या खाली गेला असेल तर आम्ल मोजा: १० मिली नमुना, फिनॉल्फ्थेलीनचे दोन थेंब, आणि फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबाथेंबाने ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. पहिल्या दिवसाच्या वाचनापेक्षा जितके मिली जास्त लागले, त्या प्रत्येक मिलीला ०.०६ टक्के ॲसिटिक आम्ल वाढलं असं धरा. पहिल्या दिवसाचा आकडा हवाच, कारण संत्र्यात स्वतःचं सायट्रिक आम्ल असतं. वाढ ०.५ ते ०.६ टक्क्यांवर गेली की यीस्ट उठत नाही. तो सडवा वाचवायच्या मागे लागू नका. थोडा थोडा करून गोबरगॅसला द्या, एकदम ओतला तर तिथलेही जिवाणू बसतील.

खाण्याचा सोडा घालून पीएच चढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. वाईट सल्ला आहे: पीएच चढला की जिवाणूंचंच फावतं.

आम्ल ठीक आणि तरी मंद असेल तर नायट्रोजन बघा. ताज्या फळाच्या रसात ते थोडंफार असतंच. पण रसात पाणी आणि साखर किंवा गूळ घालून ब्रिक्स वाढवला की ते पातळ होतं. शुद्ध डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) लिटरला अर्धा ते १ ग्रॅम, तेही साखर एक तृतीयांश संपायच्या आत. उशिरा घातलेलं यीस्ट घेत नाही, जिवाणू घेतात. कृषी केंद्रातलं पोतं उघडू नका. खताच्या डीएपीत बाकीच्या अशुद्धी असतात, आणि आपल्याकडे मिळणारा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. लेप अगदी पातळ असतो, पण बुरशीला न मानवणारं तेल यीस्टच्या ड्रममध्ये हवंच कशाला?

विरजण टाकायच्या आधी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) १० लिटरला १ ग्रॅम घालून एक रात्र झाकून ठेवलं तर नकोसे जिवाणू आणि कमजोर यीस्ट मागे पडतात. जंगली यीस्ट थेट त्याच फळावरून मिळवायचं असेल तर मात्र केएमएस नाही, नाहीतर हवं तेही जातं.

आता यीस्ट (सूक्ष्मदर्शक लागेल)

विरजण कधीचं घेतलं हा इथला खरा प्रश्न. शेवटपर्यंत टिकणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी (बेकरीचं यीस्टही याच जातीचं) फळाच्या सालीवर फार कमी असतं. जास्त असतं हॅन्सेनियास्पोरा आणि तिचे भाऊबंद. पहिल्या दिवसाचा तो भरघोस फेस त्यांचाच. ४ ते ६ टक्के अल्कोहोल झालं की त्या मरतात. फेस बघून खूश होऊन त्याच दिवशी विरजण काढलं तर प्रत्येक पुढच्या ड्रममध्ये तीच मंडळी जातात आणि प्रत्येक ड्रम त्याच ठिकाणी थांबतो. पहिल्या दिवशी फेस आणणारं यीस्ट वेगळं, शेवटपर्यंत टिकणारं वेगळं. विरजण घ्यायचं ते साखर दोन तृतीयांश संपल्यावर.

४०० पट मोठं करून बघा. दोन्ही टोकांना निमुळत्या, लिंबासारख्या पेशी दिसल्या तर हॅन्सेनियास्पोरा गट. गोल-अंडाकार, एका बाजूला कोंब फुटलेल्या असतील तर आशा आहे. एक थेंब ०.०१ टक्का मेथिलीन ब्लू मिसळा: निळ्या झाल्या त्या मेलेल्या, रंगहीन त्या जिवंत. दहात एकाहून जास्त निळी असेल तर ते विरजण वापरू नका. ड्रममध्ये टाकताना मिलीला ५० लाख ते १ कोटी जिवंत पेशी हव्यात. दाट विरजण आकारमानाच्या ५ ते १० टक्के घातलं की हे जमतं. "मूठभर फळं टाकली" याला विरजण म्हणत नाहीत.

टिकाऊ वाण निवडायचं असेल तर आंबवणाच्या अखेरच्या टप्प्यातून नमुना घेऊन वायपीडी आगरवर, म्हणजे यीस्ट वाढवायच्या घट्ट माध्यमावर, रेघा ओढा (लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १०, पेप्टोन २०, ग्लुकोज २०, आगर २० ग्रॅम, जिवाणू आवरायला क्लोरॅम्फेनिकॉल १०० मिलीग्रॅम), ३० अंशाला ४८ तास. वेगवेगळ्या दिसणाऱ्या वसाहती ६, ८ आणि १० टक्के इथेनॉल घातलेल्या द्रव माध्यमात ड्युरहॅम नळी (गॅस अडवून दाखवणारी छोटी उलटी नळी) टाकून तपासा. तीच चाचणी ३७ आणि ४० अंशालाही. विदर्भासाठी ४० अंशाची नळी १० टक्क्यांच्या नळीपेक्षा जास्त सांगून जाते.

अडकलेला ड्रम चालू करायचा असेल तर त्यावर कोरडं यीस्ट शिंपडू नका. अल्कोहोलमध्ये ते तिथल्या तिथे मरतं. १०० लिटरसाठी १०० ग्रॅम यीस्ट १ लिटर ३८ अंशाच्या पाण्यात २० मिनिटं, मग ते निवू देऊन २ लिटर ताजा रस. फेस आला की अडकलेल्या ड्रममधलं ३ लिटर त्यात, पुन्हा फेस आला की ६, मग १२, मग २५. ज्या पायरीला फेस येत नाही तिथे थांबा. हे जंगली यीस्टचं उत्पादन राहिलं नाही, तेव्हा वहीत तशी नोंद करा.

इथे थांबा

१६० लिटर, १४ टक्के साखरेच्या ड्रममधून सुमारे ६ हजार लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीतल्या हवेचा तो पाचवा भाग आहे, आणि तो तळाशी साचतो. १० टक्क्यांना माणूस बेशुद्ध पडतो. डोकं जड झालं, धाप लागली की बाहेर या. टाकीत उतरून गाळ काढायचा असेल तर विहिरीत उतरणाऱ्यांचं काय होतं ते आठवा. जळता दिवा सोडून बघण्यावर भरवसा नको, तो विझतो तोवर हवा धोक्याची झालेली असते. टाकीत उतरणं हे गॅसमापक आणि दोरवाल्या प्रशिक्षित माणसाचं काम.

वरचा क्रम पाळूनही दोन ड्रम सलग बंद पडले तर तिसरा भरू नका. जात ओळखणं सूक्ष्मदर्शकाने होत नाही, त्यासाठी आयटीएस क्रमवारी, म्हणजे यीस्टच्या डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याचं वाचन, लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, एनसीआयएम, किंवा जवळच्या विद्यापीठाचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग गाठा. ऊर्ध्वपातन, बॉयलर आणि मिथेनॉलची तपासणी हीसुद्धा घरगुती हातांची कामं नाहीत.

जाताना नुसती ड्रममधली बाटली भरून नेऊ नका. तीन गोष्टी न्या: आगरच्या तिरप्या नळीवर वाढवलेलं यीस्ट, आंबवण्याआधीचा २०० मिली गोठवलेला रस, आणि तापमान, घनता, पीएच यांची रोजची वही. गोठवलेला रस बहुतेकांकडे नसतो, आणि तिथला माणूस पहिल्यांदा तोच मागतो.